न शिवता पाहिलेली नाडी

२०१९ साली आमच्या हिंगोली जिल्ह्यातून एक वाघ चालत गेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला हा तरणा नर. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली होती. जूनमध्ये त्यानं टिपेश्वर सोडलं. नांदेड, तेलंगणातलं आदिलाबाद, हिंगोली, वाशीम असं हिंडत डिसेंबरमध्ये तो बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पुढे कॉलर काढेपर्यंतचा हिशेब केला तेव्हा नऊ महिन्यांत सुमारे तीन हजार किलोमीटर भरले. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं.

आमच्याकडे तेव्हा दुसरा विषय नव्हता. आमच्या वसमत तालुक्यात नावापुरतंही दाट जंगल नाही. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी आल्यापासून इथं ऊस, केळी, हळद. वाघ आम्ही पाहिला तो पुस्तकात. तो जिल्ह्यात आहे म्हटल्यावर चहाच्या टपरीवर प्रत्येकाच्या शेतात त्याचे ठसे उमटू लागले. लोक मोटरसायकली काढून बघायला निघाले. त्या साऱ्या प्रवासात वाघानं आपणहून माणसावर चाल केल्याची नोंद नाही. तो झुडपात पडून असताना अनवधानानं आत शिरलेला एक जण किरकोळ जखमी झाला, एवढंच. माणसांनी गजबजलेल्या मुलखातून तीन हजार किलोमीटर, आणि एवढंच!

कॉलरनं पाच हजारांवर ठिकाणं नोंदवली. तो कुठे थांबला, कुठली नदी ओलांडली, दिवसा कुठे पडून राहिला, रात्री किती चालला, सगळं कळलं. पण भोवती माणसांचा गलका असताना त्या जनावराच्या आत काय चाललं होतं, हे त्या पट्ट्याला सांगता येत नाही. जिवाला घोर लागला होता का? किती दिवस? त्याचा त्याच्या तब्येतीवर काय परिणाम झाला? हे प्रश्न भाबडे वाटतील, पण गेली पंचवीस-तीस वर्षं जगातल्या काही प्रयोगशाळा नेमकं हेच मोजण्याच्या मागे आहेत. आणि जनावराच्या अंगाला हात न लावता, त्यानं मागे टाकलेल्या विष्ठेतून ते मोजता येतं. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

जनावराला ताण येतो हे सांगायला शेतकऱ्याला शास्त्रज्ञ लागत नाही. ‘गाय पान्हा चोरते’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगीच आलेला नाही. गोठ्यात नवा माणूस आला, कुत्रं भुंकलं, वासरू नजरेआड गेलं की गाय दूध सोडत नाही. माझी आजी अशा वेळी धार काढायचं थांबवून गाईच्या मानेवरून हात फिरवत बसायची. नीलकंठाच्या ‘मातंगलीला’ या जुन्या संस्कृत ग्रंथात नव्यानं पकडलेला हत्ती रानाच्या आठवणीनं कसा झुरतो, याचं वर्णन आहे. म्हणजे माहिती जुनीच. मोजमाप मात्र नवं.

मोजमापाच्या वाटेवरचं पहिलं पाऊल एका मांजरानं टाकलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी, तेव्हा नुकत्याच सापडलेल्या क्ष-किरणांखाली मांजरांच्या जठराची हालचाल पाहत होता. मांजर चवताळलं किंवा घाबरलं की जठर एकदम थांबायचं. शांत झालं की पुन्हा सुरू. कॅनननं पुढे आयुष्य या विषयाला दिलं आणि १९१५ साली वेदना, भूक, भीती आणि संताप यांनी शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. संकटात शरीर पचन वगैरे बिनतातडीची कामं बाजूला ठेवतं आणि सगळी ताकद पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी वळवतं, हे त्यानं दाखवून दिलं.

दुसरं पाऊल उंदरांचं. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये हा व्हिएन्नात जन्मलेला तरुण शास्त्रज्ञ उंदरांना बीजकोशाचा अर्क टोचत होता. आपल्याला नवं हार्मोन सापडणार, अशी त्याची आशा. उंदरांत ठळक बदल दिसले: मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी फुगलेली, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. सेल्ये खूश झाला. पण दुसऱ्याच कसल्या अर्काची सुई दिली तरी तेच, आणि फॉर्मेलिन टोचलं तरी तेच! नव्या हार्मोनचं स्वप्न गेलं. एखादा माणूस इथं हताश होऊन विषय सोडून देता. सेल्येनं उलटा विचार केला. कारण कुठलंही असो, थंडी, जखम, विष, शरीराची तक्रार एकाच भाषेत येते. ४ जुलै १९३६ रोजी ‘नेचर’ नियतकालिकात त्याचं छोटंसं पत्र छापून आलं. गंमत म्हणजे ज्या शब्दानं तो पुढे जगभर गाजला, तो ‘स्ट्रेस’ शब्द त्या पत्रात नाही.

अधिवृक्क ग्रंथीतून पाझरणारी द्रव्यं वेगळी काढण्याचं काम त्याच दशकात अमेरिकेत केंडॉल आणि स्वित्झर्लंडमध्ये राईशस्टाईन करत होते. त्यांना हेंच यांच्यासह १९५० चं नोबेल मिळालं. त्या द्रव्यांपैकी कॉर्टिसॉल आपल्या गोष्टीतलं मुख्य पात्र. संकट आलं की ते रक्तात वाढतं, साखर मोकळी करतं, अंगात बळ आणतं. संकट टळलं की उतरतं. हे काही वाईट नाही, यावरच जीव तगतो. बिघडतं कधी, तर संकट टळतच नाही तेव्हा. महिनोन् महिने कॉर्टिसॉल चढंच राहिलं तर प्रतिकारशक्ती घटते, वाढ खुंटते आणि प्रजननावर परिणाम होतो.

मग रक्त काढा आणि मोजा की! माणसाच्या बाबतीत सोपं. कॉर्टिसॉलची रक्तातली मात्रा अगदी सूक्ष्म, पण न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९ च्या सुमारास इन्शुलिनसारखी हार्मोन्स मोजण्याची किरणोत्सर्गी पद्धत शोधली होती. त्यासाठी यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन तोवर वारले होते. १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी किरणोत्सर्गाऐवजी विकर वापरणारी पद्धत आणली. ती स्वस्त, धोका कमी, आणि उत्तर रंगाच्या गडदपणावरून वाचता येतं. आज गावोगावच्या लॅबमध्ये होणाऱ्या कितीतरी तपासण्या याच पद्धतीच्या.

वाघाच्या बाबतीत मात्र घोडं अडतं. त्याचं रक्त काढायचं तर त्याला हुडकायचं, बेशुद्धीचं औषध भरलेली सुई बंदुकीनं मारायची, तो कोसळेपर्यंत थांबायचं. कॉर्टिसॉल तर काही मिनिटांतच चढू लागतं. म्हणजे तुम्ही मोजता तो ताण तुम्हीच दिलेला! जंगलात तो आधी किती होता, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. शिवाय सुईनं जनावर दगावण्याचा धोका असतोच, आणि रक्ताचा थेंब सांगतो तो फक्त त्या क्षणापुरता.

इथं शेण मदतीला आलं. आपल्या भाषेनं या पदार्थाला किती मानानं वागवलंय पाहा. गाई-म्हशीचं शेण, घोड्या-हत्तीची लीद, शेळी-हरणाच्या लेंड्या, पाखराची शिट. प्रत्येकाला वेगळा शब्द, कारण प्रत्येकाचा उपयोग वेगळा आणि त्यावरून जनावराची तब्येत ओळखायची तर नजर वेगळी.

कॉर्टिसॉल रक्तात फिरून झालं की यकृतात त्याची मोडतोड होते आणि ते तुकडे पित्तावाटे आतड्यात येऊन विष्ठेतून बाहेर पडतात. म्हणजे विष्ठा ही जनावरानं आपल्या हातानं लिहून ठेवलेली रोजनिशीच. मेंढीत ही नोंद अर्ध्या दिवसाच्या आसपास मागची असते, वाघ-बिबट्यात साधारण दिवसाभरापूर्वीची, हत्तीत त्याहूनही मागची. क्षणाचा चढउतार त्यात पुसला जातो आणि बऱ्याच तासांची सरासरी उरते. आपल्याला हवी तीच.

प्राणिसंग्रहालयांत मादी गाभण आहे का, हे विष्ठेतल्या हार्मोनवरून ओळखण्याचे प्रयत्न आधीपासून होत होते. ताणासाठी ती वाट पक्की करण्यात व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या मोस्टल आणि पाल्मे यांचा मोठा वाटा. मेंढ्या, गाई, घोडे यांच्यावर काम करून १९९० च्या दशकात त्यांनी एक गोष्ट ठसवली: विष्ठेत मूळ कॉर्टिसॉल जवळपास नसतंच, असतात ते त्याचे तुकडे. म्हणून चाचणीही तुकडे ओळखणारी हवी. आणि प्रत्येक जातीत हे तुकडे वेगळे, म्हणून प्रत्येक जातीसाठी चाचणी आधी पारखून घ्यायला हवी. त्यासाठी पिंजऱ्यातल्या एखाद्या जनावराला अधिवृक्क ग्रंथी चेतवणारं औषध टोचतात आणि पुढच्या दिवसांच्या विष्ठेत आकडा चढतो का ते पाहतात. चढला तर चाचणी खरी. ही एक सुई पाळीव किंवा पिंजऱ्यातल्या जनावरानं सोसायची, की रानातल्या शेकडोंची सुटका होते.

१९९७ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल वासर आणि सहकाऱ्यांनी ठिपकेदार घुबडांची शिट तपासली. लाकूडतोडीच्या मोठ्या रस्त्यांजवळ राहणाऱ्या नरांत ताणाचं हार्मोन जास्त निघालं. २००२ मध्ये यलोस्टोन परिसरातले लांडगे आणि एल्क हरणं यांच्या विष्ठेवरून दिसलं की बर्फावर धावणाऱ्या मोटारगाड्या वाढल्या की त्यांचेही आकडे वाढतात. पण मला सगळ्यात विलक्षण वाटते ती देवमाशांची हकीकत. कॅनडाच्या फंडी उपसागरात संशोधक राईट जातीच्या देवमाशांची पाण्यावर तरंगणारी विष्ठा गोळा करत होते. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेवर हल्ला झाला आणि काही दिवस जहाजांची वाहतूक मंदावली. समुद्राखालचा आवाज सहा डेसिबलनं उतरला. आणि त्या दिवसांतल्या विष्ठेत ताणाचं हार्मोनही उतरलेलं सापडलं. पुढच्या वर्षांत तसं दिसलं नाही. माणसांच्या जगात आकांत होता आणि देवमाशांना काही दिवस निवांतपणा मिळाला. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले.

आता आपल्याकडे येऊ. १९४८ पर्यंत आमचं वसमत निजामाच्या राज्यात, त्यामुळे दवाखाना म्हणा, बाजार म्हणा, जुन्या पिढीची पावलं हैदराबादकडेच वळायची. वन्यप्राण्यांच्या हार्मोनचं देशातलं महत्त्वाचं केंद्रही हैदराबादेतच निघालं. तिथल्या ‘सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी’ या संस्थेचे संचालक लालजी सिंग यांच्या पुढाकारानं संकटग्रस्त प्रजातींच्या संवर्धनाची प्रयोगशाळा उभी राहिली. २००७ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पण झाली. ‘लॅकोन्स’ हे तिचं आखूड नाव. तिथले जी. उमापती आणि सहकारी वर्षानुवर्षं वाघ, हत्ती, माकडं यांच्या विष्ठेवर काम करत आले आहेत.

काम कसं चालतं? पहाटे वनरक्षकाबरोबर पायवाटा धुंडाळायच्या. विष्ठा ताजीच हवी, कारण बाहेर पडल्यावरही त्यातले जिवाणू हार्मोनचे तुकडे कुरतडत राहतात. ऊन लागलं, पाऊस पडला की आकडा बिघडला. सापडल्याबरोबर ती गोठवायची किंवा अल्कोहोलमध्ये घालायची. आधी त्यातल्या डीएनएवरून ही वाघाचीच ना, बिबट्याची नाही ना, याची खातरजमा. मग वाळवायची, केस-हाडं चाळून काढायची, भुकटी करून अल्कोहोलमध्ये घुसळायची, आणि वरचं निवळ पाणी ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत थेंबथेंब सोडायचं. खळग्यातला रंग किती गडद, त्यावरून आकडा.

या आकड्यांनी काय साधलं? राजस्थानातलं सरिस्का घ्या. शिकाऱ्यांनी तिथले सगळे वाघ संपवले, हे २००५ पर्यंत उघड झालं. २००८ ते २०१० या काळात रणथंभोरहून वाघ आणून सोडले. देशभर कौतुक झालं. पण पिल्लं होईनात. वाघ धडधाकट, सावज भरपूर, मग अडतंय कुठं? २०११ ते २०१३ या काळात त्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जिथं माणसं आणि गुरं जास्त भेटत, रस्ता जवळ असे, तिथं वावरणाऱ्या वाघांत ताणाचं हार्मोन चढं होतं. नरांपेक्षा माद्यांना हा त्रास अधिक जाणवत होता. पिल्लं न होण्याचं हेच कारण, असं छातीठोकपणे त्यातून सांगता येत नाही. पण कुठे शोधायचं, ते कळलं.

पर्यटनाचं प्रकरण याहून गाजलेलं. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटनाला तात्पुरती बंदी घातली. ताडोब्यापासून कान्हापर्यंत हॉटेलवाले, जिप्सीवाले, गाईड हवालदिल झाले. ऑक्टोबरमध्ये बंदी उठली. गाभ्याचा वीस टक्क्यांपर्यंतचा भागच पर्यटनाला, अशी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं. एक म्हणे गाड्यांनी वाघ त्रासतो, दुसरा म्हणे वाघाला सवय झालीय, तो गाडीसमोर खुशाल लोळतो. लोळणारा वाघ मीही टीव्हीवर पाहिलाय. पण लोळण्यावरून आतलं कसं कळणार? २०१९ मध्ये लॅकोन्सच्या गटानं कान्हा आणि बांधवगडच्या वाघांवरचं काम प्रसिद्ध केलं. पर्यटन सुरू असतानाच्या विष्ठेत ताणाचं हार्मोन जास्त आणि बंद असताना कमी आढळलं. आता पर्यटन बंद म्हणजे पावसाळा, आणि ऋतू बदलला की जनावराचं सगळंच बदलतं, असा आक्षेप कोणीही घेईल. म्हणून नुसतं बंद-सुरू न पाहता वाहनांची आणि पर्यटकांची संख्याही त्यांनी ताडून पाहिली, आणि तिचंही नातं दिसलं. पर्यटन बंदच करा, असा याचा अर्थ मी लावत नाही. जिप्सीवाल्याचं घरही त्याच वाघावर चालतं, आणि त्या घराला वाघ जिवंत हवा असतो. पण रोज किती गाड्या सोडायच्या, या प्रश्नाला आता अंदाजापलीकडचं उत्तर शोधता येतं.

महाराष्ट्रात या मोजमापाची उणीव जुन्नरच्या बिबट्यांनी जाणवून दिली. २००१ नंतर तिथं उसातले बिबटे पिंजरे लावून धरले आणि दूर जंगलात नेऊन सोडले. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जे मांडलं ते उलटंच होतं. बिबटे हलवण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरापर्यंत गेले होते. अनोळखी मुलखात फेकलेलं, पिंजऱ्यानं बिथरलेलं जनावर अधिक धोक्याचं ठरतं, हा त्यावरचा तर्क. तो तर्क मला पटतो, पण तो तर्कच. धरण्याआधीच्या आणि सोडल्यानंतरच्या विष्ठेचे आकडे हाताशी असते, तर सतरा घरांवरच्या संकटाचं कारण तर्कावर सोडावं लागलं नसतं.

आता आमच्या शेतकऱ्यांना बोचेल अशी एक गोष्ट. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संजिता शर्मा पोखरेल, शेषगिरी आणि रामन सुकुमार यांनी हत्तींच्या लिदीचा अभ्यास केला. जंगलात उन्हाळ्यात हाडं दिसू लागलेल्या हत्तींत ताणाचं हार्मोन जास्त, हे अपेक्षितच होतं. मग त्यांनी कर्नाटकात माणसांच्या वस्तीलगत पिकं खाणारे हत्ती तपासले. फटाके, ढोल, पेटते टेंभे यांना रोज सामोरं जाणारं हे जनावर जंगलातल्या भावंडांपेक्षा जास्त तणावात असणार, असंच कुणालाही वाटेल. निघालं उलटं! पिकं खाणाऱ्या हत्तींत आकडा कमी. कारण बहुधा पोट. सकस, रसरशीत खाणं मिळालं की बाकीचा त्रास शरीराला सोसवतो.

सिंधुदुर्गात २००२ पासून उतरलेले हत्ती परत का जात नाहीत, हे ज्यांनी केळीच्या बागा गमावल्या त्यांना यातून थोडं उमगेल. आणि आम्हालाही. आमच्याकडे हत्ती नाही, पण उसात रानडुक्कर आहे, हरभऱ्यात रोही आहे. रात्रभर माळ्यावर बसून डबे बडवणाऱ्या माणसाला वाटतं, जनावर भेदरलं. भेदरतही असेल, पण त्याच्या शरीराचा हिशेब कदाचित असा निघेल की एवढ्या हरभऱ्यासाठी एवढं भेदरणं परवडतं. रात्रभर जागणाऱ्याच्या कॉर्टिसॉलचं काय, ते कोणी मोजलं तर तेही बरं होईल.

उलट बाजूही सांगायला हवी. चढा आकडा म्हणजे दुःखच, असं नाही. माजावर आलेला नर, गाभण मादी, कडाक्याची थंडी, यांनीही तो चढतो. आणि उतरलेला आकडा म्हणजे सुख, असंही नाही. फार काळ ताणात राहिलेल्या काही जनावरांत ग्रंथीच थकल्यासारखी होते. म्हणून जाणकार एका नमुन्यावर बोलत नाहीत. जोडीला थायरॉईडचं हार्मोनही मोजतात, कारण उपासमारीत ते उतरतं. त्यावरून भुकेचा ताण आणि भीतीचा ताण वेगळा काढता येतो.

वॉकर पुढे २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यातल्या गौताळा अभयारण्यात दिसला. कॅमेऱ्यातल्या फोटोवरचे पट्टे जुळवून त्याची ओळख पटली. तेव्हा त्याच्या गळ्यात कॉलर नव्हती.

आमच्या शेताच्या बांधाला रोह्यांची एक ठरलेली जागा आहे. रोही हे अजब जनावर, पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येऊन लेंड्या टाकतं, त्यामुळे तिथं ढीग साचतो. परवा गेलो तर चुलत्यांनी काठीनं वरच्या लेंड्या बाजूला करून दाखवल्या. खालच्या करड्या, भुसभुशीत. वरच्या काळ्या, ओलसर, चमकणाऱ्या.

“हे आज पहाटंचं,” ते म्हणाले, आणि हरभऱ्याकडे बघत उभे राहिले.